तुळईपर्यंत उशा

आमच्या गावात कापूस पेरला त्या वर्षी, एकावन्न साली, माझ्या आगोताचं लग्न ठरलं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध येईल असं तेव्हा मला कुणी सांगितलं असतं, तर त्याला मी लाटण्यानं बडवून काढलं असतं.

मी व्हेरोन. नवरा युद्धात गेला, रशियात डॉन नदीच्या काठी कुठेतरी बर्फात राहिला. मागे मी, ही एक पोर आणि हंसांचा कळप. आगोता जन्मली त्या हिवाळ्यापासून मी तिच्या आंदणासाठी हंसांची पिसं साठवत आले. आमच्याकडे मुलीचं लग्न म्हणजे अंथरूण. गाडीवर घालून, गाणी म्हणत, गावभर मिरवत ते सासरी न्यायचं आणि तिथल्या चांगल्या खोलीत पलंगावर रचायचं. उशीवर उशी, दुलईवर दुलई. त्या पलंगावर कुणी कधी झोपत नाही. झोपतात सगळे स्वयंपाकघरात, भट्टीच्या उबेला. पलंग नुसता बघायचा असतो. पण अंथरूण ठेंगणं निघालं तर पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. हे सगळं मूर्खपणाचं आहे हे मला कळत नाही असं समजू नका. चांगलं कळतं. तरी मी एकोणीस वर्षं पिसं साठवली.

जर्मन फौज आली तेव्हा ती पिसं मी बटाट्याच्या खड्ड्यात पुरली. रशियन फौज आली तेव्हाही ती तिथेच होती. मग आपलंच सरकार आलं आणि लेव्ही सुरू झाली. दूध द्या, अंडी द्या, डुक्कर द्या, हंस द्या, हंसाची पिसंसुद्धा द्या. तेव्हा मी ती खड्ड्यातून काढून माझ्या रोजच्या गादीत भरली आणि लेव्हीचा माणूस घरी आला की कंबर धरून तिच्यावर पडून राहायची. दोन फौजा आणि एक सरकार, तिघांच्या हातावर तुरी दिल्या होत्या मी!

माझी होणारी विहीण ओर्झे. तिचं नाव काढलं तरी माझं डोकं आजही तापतं, तेव्हा तर फारच तापायचं. साखरपुड्याला आली, खुर्चीच्या कडेवर टेकली, माझ्या हातची पोगाचा, चांगली लोण्यातली बिस्किटं, अर्धी खाऊन अर्धी बशीत ठेवली आणि म्हणाली, "सहा उशा आणि दोन दुलया, विहीणबाई. त्याच्या खाली मी येणार नाही. आमच्या घरात अंथरूण तुळईला टेकतं, सगळ्या गावाला ठाऊक आहे."

ठाऊक होतंच. तिच्या खोलीच्या खिडकीतून रस्त्यावरूनही दिसायचं. युद्धात सगळ्या गावाची अंथरुणं लुटली गेली आणि हिची चौदा उशांची चळत तेवढी जागच्या जागी. कशी काय राहिली, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

तिचा मुलगा आम्ब्रुश मात्र गुणाचा. उंचपुरा, कामसू, आगोतावर जीव टाकणारा. त्याच्यात खोट एकच, खोटं बोलता येत नसे. कुणी विचारलं "कसं काय?" तर खरंच सांगत बसायचा.

आता कापूस. आमचं अल्शोपाताक उत्तरेला, डोंगराच्या कुशीत. इथे टोमॅटो लाल होईपर्यंत सप्टेंबर उजाडतो. पण त्या वसंतात तालुक्याहून कागद आला, की महान मित्रदेशात, म्हणजे रशियात, कापूस होतो, म्हणून आपल्याकडेही होणार. हा कागद वाचला केलेमेननं. केलेमेन आमचा पूर्वीचा दवंडीवाला. जन्मभर ढोल बडवून गावाला बातम्या सांगितल्या. नव्या राज्यात सहकारी शेतीला अध्यक्ष हवा होता, आणि अख्ख्या गावात कागद मोठ्यानं वाचून दाखवणारा हा एकच. तो शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि माझी वेणी दौतीत बुडवायचा.

"कॉम्रेड आम्ब्रुश," सभेत तो म्हणाला, "तू युद्धकैदी होतास ना? तीन वर्षं? तिकडे लांब दक्षिणेला?"

"होतो."

"तिकडे कापूस होतो?"

"होत असेल. मी कोळशाच्या खाणीत होतो. खाली काही दिसत नाही."

"पण वर कापूस होता!" केलेमेन म्हणाला आणि कागदावर लिहिलं, 'कापसाचा मुकादम, अनुभवी'. तेव्हापासून त्या बारा एकरांतलं बरंवाईट सगळं आम्ब्रुशच्या गळ्यात.

बियांबरोबर एक पुस्तिका आली होती, तिकडच्या भाषेतून जशीच्या तशी उतरवलेली. केलेमेननं तीही वाचून दाखवली. दुपारच्या उन्हात कामगारांनी डोकं झाकावं. तहानेनं चक्कर आल्यास सावलीत बसावं. उंटांना शेतात शिरू देऊ नये.

मागून म्हाताऱ्या ग्योंग्योशीनं हात वर केला. "अध्यक्ष, उंट आलेच, तर कळवायचं कुणाला?"

"तालुक्याला," केलेमेन म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्याची चेष्टा चालली होती की खरंच म्हणत होता, हे आजपर्यंत मला उमगलेलं नाही.

झाडं आली, नाही असं नाही. गुडघ्याएवढी झाली, त्यांना अक्रोडासारखी हिरवी बोंडं धरली आणि तिथेच गाडी अडली. बोंडं उघडेनात. ऑक्टोबर लागला, पहाटे गवत पांढरं व्हायला लागलं, आणि बोंडं आपली हिरवी ती हिरवीच, दगडासारखी घट्ट. मग तालुक्याहून हुकूम आला, की बोंडं तोडून घरोघर भट्टीत शेकवावीत म्हणजे ती उमलतील. मागच्या ओळींतली तोडून शेकवली. केलेमेनच्या बायकोच्या भट्टीत तर ती फटाफट फुटली, तिच्या आठवड्याच्या पावांत शिरली, आणि आठ दिवस अध्यक्षांच्या घरी सगळे दात कोरत बसले होते. आतून जे निघालं ते चिकट, पिवळं, ओल्या बोळ्यासारखं. ते बघून आम्ब्रुश म्हणाला, "हा कापूस नाही." त्याला गप्प करायला तिघं लागले.

इथवर आम्ही हसत होतो. मग शेजारच्या गावाहून बातमी आली. तिथल्याही शेतात कापूस फुटला नव्हता. तिथल्या मुकादमाला घातपाती ठरवून ट्रकमध्ये घालून नेलं, चार वर्षं सुनावली. त्याच्या बायकोला धड निरोपही घेऊ दिला नाही. आणि त्याच आठवड्यात केलेमेनच्या हातात कागद पडला. बारा तारखेला मंत्रालयातले कॉम्रेड झोंबोरी मित्रदेशाच्या सल्लागाराला घेऊन आमच्या रस्त्यानं जाणार. शेत रस्त्यालाच लागून. तेव्हा ते पांढरं दिसलं पाहिजे.

आगोता चुलीपाशी बसून रडत होती. "आई, त्याला नेतील गं. त्यांनी विचारलं तर तो खरं सांगेल, आणि त्याला नेतील."

मी तिला म्हटलं, "रडू नकोस, काहीतरी होईल." काय होणार होतं, माझं मलाच माहीत नव्हतं. नुसतं बसवेना, म्हणून एक हंस बगलेत मारला आणि शेताच्या बांधावर जाऊन त्याची पिसं काढत बसले. घरात काढली तर शेजारीण लेव्हीवाल्याला सांगते, म्हणून बांधावर. वाऱ्याची एक झुळूक आली, मूठभर पिसं उडाली आणि जाऊन कापसाच्या झाडांवर अडकली.

तेवढ्यात रस्त्यावरून केलेमेन सायकलनं चालला होता. त्यानं ते पाहिलं, सायकल तशीच सोडून दिली आणि आरोळी ठोकली, "फुटला! अरे, फुटला! आम्ब्रुश, बाळा, कापूस फुटला रे!" चिखलातून धावत आला, गुडघ्यावर बसला, झाडाला मिठी मारली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्या क्षणी तो मला पहिल्यांदा आवडला. मग त्यानं ते पांढरं हातात घेतलं, बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या मांडीवरच्या अर्ध्या उघड्या हंसाकडे बघितलं.

"व्हेरोन," तो हळूच म्हणाला, "रस्त्यावरून मला खरंच वाटलं गं."

"मग?"

"मग त्यांनाही वाटेल की. गाडी थांबणार कशाला? भुर्रकन जाणार. रस्त्याकडच्या पाच ओळी केल्या तरी पुरे." तो उठून उभा राहिला. दवंडी द्यायच्या आधी ढोल सरळ करायचा तसा त्यानं कोट सरळ केला. "पिसं किती आहेत तुझ्याकडे?"

"नाहीत."

"व्हेरोन, सगळ्या गावाला तुझी कंबर माहीत आहे."

मी म्हटलं, "माझ्या पोरीच्या आंदणाला हात लावशील तर याद राख. ओर्झेकडे जा. चौदा उशा आहेत तिच्याकडे, आणि मुलगा तिचा आहे!"

बोलणं सरळ होतं. आम्ही दोघं तसेच ओर्झेच्या दारात गेलो. तिनं सगळं ऐकून घेतलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "माझ्या उशांना मी हात लावू देणार नाही."

मी थक्क झाले. "अगं बाई, तुझ्या पोटचा पोर जाईल ना तुरुंगात! आई आहेस की कोण आहेस? उशा काय थडग्यात नेणार आहेस बरोबर?"

"तू मध्ये पडू नकोस."

"पडणार! माझा जावई आहे तो!"

"अजून झालेला नाही."

"आणि तुझ्या उशांपायी होणारही नाही!"

केलेमेन मधे उभा राहून "कॉम्रेड भगिनींनो, कॉम्रेड भगिनींनो" करत होता. ओर्झेनं त्याला दाराबाहेर ढकललं, माझं मनगट धरलं आणि मला त्या खोलीत नेलं. पडदा ओढला. पलंगावर ती चौदा उशांची चळत, भरतकाम केलेली, इस्त्री केलेली, तुळईला टेकलेली. मधली एक उशी तिनं ओढून काढली आणि तिची शिवण टराटरा उसवली.

आत मक्याची वाळलेली सालं होती. आणि थोडा ओटाचा पेंढा.

"सगळ्या?" मी विचारलं.

"सगळ्या. चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात फौजेच्या माणसांनी पिसं नेली, अभ्रे तेवढे टाकून गेले. मी सालं भरली. मला वाटलं, आम्ब्रुशचा बाप परत येईल, त्याला घर होतं तसं दिसू दे. तो आला नाही. मग गाव म्हणायला लागलं, ओर्झेचं तेवढं राहिलं. मग मी काय सांगणार होते?" ती पलंगाच्या कडेवर बसली. बसताना सगळा पलंग करकरला. "सात वर्षं या खोलीत कुणाला पाऊल टाकू दिलं नाही मी."

"आणि माझ्याकडे सहा उशा मागितल्यास! खऱ्या!"

"मागितल्या," ती म्हणाली. "म्हटलं, एकदा तरी या घरात खरी पिसं येतील."

मला इतका राग आला होता, की तिथेच तिच्या झिंज्या उपटाव्यात. आणि त्याच वेळी मला हसू आलं. आवरेचना. ती आधी रागानं बघत राहिली, मग तीही हसायला लागली. आम्ही दोघी तोंडात डोक्याच्या रुमालाची टोकं कोंबून हसत होतो, आणि दाराबाहेर केलेमेन विचारत होता, "झाला का काही निर्णय?"

निर्णय काय होणार होता? घरी येऊन मी माझी गादी उसवली.

बारा तारखेला उजाडताच गावातल्या सगळ्या बायका शेतात. बटाट्याची खळ शिजवून बादल्यांतून आणली. बोंडाला खळ लावायची, चिमूटभर पिसं चिकटवायची, पुढच्या झाडाकडे जायचं. माझं लक्ष प्रत्येकीच्या हातावर. "अगं, एवढी नको लावूस, उशी जाते माझी एकेका झाडाला!" ठरलं असं होतं, की गाडी गेली की संध्याकाळच्या आत सगळी पिसं काढून, खळ धुऊन, माझी मला परत करायची. आम्ब्रुश ओळींच्या मध्ये उभा होता, चेहरा पांढराफटक. मी त्याला बजावलं, "तू तोंड उघडायचं नाहीस. कुणी काही विचारलं तर खोकायचं."

दहा वाजेपर्यंत पाच ओळी पांढऱ्या झाल्या. खरं सांगते, सुंदर दिसत होतं. लांबून मलाही वाटलं, असा असेल कापूस.

साडेअकराला काळी मोटार आली. आम्ही हात हलवले. केलेमेननं टोपी काढली. मोटार भुर्रकन पुढे गेली, आम्ही श्वास सोडला, आणि मोटार थांबली. मागे आली. दार उघडून एक लठ्ठ गृहस्थ उतरले, कातडी कोट घातलेले, तेच कॉम्रेड झोंबोरी. आमच्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. पँटची बटणं सोडत सोडत ते घाईनं शेतात शिरले. तालुक्यापासून दाबून धरलेली असणार.

हे काही केलेमेनच्या योजनेत नव्हतं. मंत्रालयातला माणूस आमच्या पहिल्या ओळीसमोर पाय फाकवून उभा, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर अगदी समाधान. मग त्यांनी डोळे उघडले. नाकासमोर बोंड. त्यांनी वाकून बघितलं. एक पीस सुटून त्यांच्या मिशीला चिकटलं. ते शिंकले.

बटणं लावून त्यांनी ते पीस हातात धरलं. "मुकादम कोण?"

आम्ब्रुश पुढे झाला.

"हे काय आहे?"

आम्ब्रुश खोकला.

"मी विचारलं, हे काय आहे?"

तो आणखी खोकला, लालबुंद झाला, आणि मला दिसलं, की याच्या घशाशी खरं येऊन ठेपलंय. मी मध्ये घुसले. "माझं आहे, साहेब. कॉम्रेडसाहेब. माझ्या हंसांचं आहे. या पोराचा काही दोष नाही. जे काय करायचं ते मला करा." आगोतानं मागून माझं पोलकं घट्ट धरलं होतं.

झोंबोरींनी मोटारीकडे वळून पाहिलं. मागच्या सीटवर सल्लागार तोंड उघडं टाकून झोपला होता. मग ते आमच्या जवळ आले आणि अगदी हळू बोलायला लागले. "मूर्खांनो. तो जागा झाला तर तुमच्या आधी मी आत जाईन. या जिल्ह्यात कापूस होतो असं लिहून कुणी दिलंय? मी दिलंय." त्यांनी घाम पुसला. गारठ्यात! "हे गिरणीत गेलं तर सगळे मेलो. वजन किती भरेल याचं?"

"अठरा किलो," मी म्हटलं. मला पक्कं माहीत होतं.

"आणि दिसतंय साठ क्विंटल." त्यांनी एकदा आभाळाकडे पाहिलं. मग त्यांनी केलेमेनला विचारलं, "इथे वारा सुटतो?"

"नाही, कॉम्रेड. डोंगराच्या आडोशाला आहोत ना, इथे कधीच..."

मी त्याच्या पायावर पाय दिला. "सुटतो!" मी म्हटलं. "भयंकर सुटतो."

"आज दुपारी सुटेल?"

"सुटेल, साहेब."

"सुटला," झोंबोरी म्हणाले आणि वही काढून तिथेच लिहिलं. उत्कृष्ट पीक, वादळात संपूर्ण नष्ट, मुकादम निर्दोष. वही मिटली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पण मग वाऱ्यानं नेलंच पाहिजे, बाई. उद्या पंचनाम्याला माणसं येतील, शेत बघतील, घरं बघतील. शेतात, गावात, कुणाच्या घरात, कुणाच्या गादीत एक पीस दिसता कामा नये. कळतंय ना?"

मला कळलं. म्हणजे परत काही मिळणार नव्हतं.

मोटार गेली आणि आम्ही वाऱ्याची वाट बघत बसलो. वारा कुठला यायला! पानसुद्धा हललं नाही. तीन वाजेपर्यंत वाट पाहून केलेमेननं हुकूम सोडला, आणि सगळं गाव चादरी आणि सुपं घेऊन शेतात वारा घालायला लागलं. पिसं उडायची आणि दोन हातांवर जाऊन बसायची. म्हातारा ग्योंग्योशी म्हणाला, "उंट असते तर त्यांच्यावर लादली असती." शेवटी आम्ही ती एकेक करून काढली, पोत्यांत भरली आणि ओढ्यावर नेली. पोती मीच उलटी केली, दुसऱ्या कुणाला करू दिली नाहीत. ओढा या काठापासून त्या काठापर्यंत पांढरा झाला आणि वळणावरून दिसेनासा झाला. मी तिथेच बसून मोठ्यानं रडले. लाज नाही वाटली. एकोणीस हिवाळे होते ते.

आम्ब्रुश माझ्या शेजारी येऊन बसला. "मावशी, मला काहीच अंथरूण नको. मी आईला सांगतो."

"तू कुणाला काही सांगायचं नाहीस," मी म्हटलं. "तुझं सांगणं पुरे झालं."

पंचनामा झाला. एक अधिकारी, दोन शिपाई; गाद्यासुद्धा दाबून पाहिल्या. वादळाची नोंद झाली. आम्ब्रुशला शाबासकीचं पत्र आलं, आणि पुढच्या वर्षी चोवीस एकर कापूस लावायचा आणि वाऱ्यापासून संरक्षणासाठी कुंपण घालायचं, असा हुकूमही आला. पण ते पुढचं पुढे. तो घरी होता, एवढं मला पुरे होतं.

राहिलं लग्न. माझ्याकडे अभ्रे होते, पिसं नव्हती. मी परसात मक्याची सालं सोलत बसले होते, तर मागच्या दारानं ओर्झे आली. खाली बसली आणि माझ्या हातातलं साल ओढून घेतलं. "अशी अखंड भरलीस तर रस्ताभर वाजत जाईल. बोटाएवढ्या पट्ट्या कर, पाणी शिंपड, रात्रभर दडपून ठेव. कोपऱ्यात ओटाचा पेंढा, मध्ये साल. आणि कच्च भरू नकोस. पिसांची उशी मधे थोडी बसते, हे गावातल्या बायकांना बरोबर कळतं."

"तुला बरं माहीत."

"सात वर्षांचा अनुभव आहे," ती म्हणाली. "मला खरं तर मुकादम करायला हवं होतं."

नोव्हेंबरात लग्न झालं. अंथरुणाची गाडी निघाली तेव्हा ओर्झे स्वतः सर्वांत पुढे, आणि गाणं असं बेंबीच्या देठापासून, की त्यात दुसरा आवाज ऐकूच येऊ नये. खोलीत नेऊन आम्ही दोघींनी रचलं, खाली ओर्झेच्या निम्म्या उशा, वर माझ्या सहा उशा, दोन दुलया, थेट तुळईपर्यंत. खोली माणसांनी भरली. सगळं गाव. ज्या बायकांनी माझी पिसं स्वतःच्या हातांनी बोंडांना चिकटवली आणि बोंडांवरून काढली, त्या सगळ्या तिथे होत्या.

आमच्याकडे रीत आहे, की नव्या अंथरुणावर एखादं तान्हं मूल लोळवतात, नवरीची कूस उजवावी म्हणून. केलेमेनच्या सुनेनं वरच्या दोन उशा काढून पलंगाच्या कडेला टाकल्या आणि आपलं बाळ त्यांच्यावर लोळवलं. करकर, कुरकुर, चरचर. पेंढ्याच्या गंजीवर डुक्कर चढावं तसा आवाज. आमच्या सगळ्या मेहनतीवर पाणी. सालं नवी होती ना, कितीही शिंपडलं तरी नवी ती नवीच. सगळ्यांच्या माना पलंगाकडे वळल्या. आम्ब्रुशनं तोंड उघडलं. आगोतानं त्याच्या पायावर टाच रोवली.

मग ग्योंग्योशीची म्हातारी म्हणाली, "काय बाई पिसं तरी!"

"हलकी कशी," दुसरी म्हणाली.

"बाळ कसं रुतलं बघा."

केलेमेननं उशीला हात लावला, मान हलवली आणि दवंडीच्या आवाजात जाहीर केलं, "अस्सल!" सगळे हो हो म्हणाले. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना, कागद आला नव्हता, मोटार उभी नव्हती. आपण होऊन म्हणत होते. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले, आणि त्याच वेळी अंगावर शहाराही आला, की आता हे आम्हाला किती सहज जमतं.

ओर्झेनं मला कोपरानं ढोसलं. नवरीच्या आईनं बोलायचं असतं, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"हंसाची पिसं आहेत," मी म्हटलं. "माझ्या हातानं काढलेली. ही जन्मली तेव्हापासून साठवत आले मी."

एवढं बोलले आणि मला रडू फुटलं. बायका म्हणाल्या, आईची माया. पण मी रडत होते ते वेगळ्याच कारणानं. खोलीत माझं ते शेवटचं एकच वाक्य खरं होतं, आणि तेच मी खोटं म्हणून बोलले होते.